अंघोळीची खुर्ची डिझाइन करायची आहे, सुरुवात कुठून करू?

तुम्ही प्रॉडक्ट डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहात, अर्धांगवायू किंवा संधिवातामुळे हालचाल कमी झालेल्या माणसांसाठी अंघोळीची खुर्ची करायची आहे, परदेशी खुर्च्यांचे भरपूर फोटो जमवलेत आणि आता त्यात नवं काय करता येईल असं विचारताय. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. पेशंटला डिस्चार्ज मिळाल्यावर त्याच्या घरचं बाथरूम बघून बदल सुचवणं हा माझ्या कामाचाच भाग आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

ते फोटो सध्या बाजूला ठेवा. त्यातल्या बहुतेक खुर्च्या शॉवरखाली बसणाऱ्या माणसासाठी आहेत. आपल्याकडे अजून बहुतेक घरांत बादली आणि मग आहे, आणि सगळा घोळ तिथेच होतो. माणूस 45 सेंटिमीटर उंचीच्या खुर्चीवर नीट बसतो, पण बादली जमिनीवरच राहते. पाण्याचा मग भरायचा म्हणजे दर वेळी पुढे आणि बाजूला वाकायचं. ज्याची एक बाजू लुळी आहे त्याला धड सावरता येत नाही, तो वाकला की वाकतच जातो. पडू नये म्हणून आणलेल्या खुर्चीवरूनच माणूस तोंडावर पडतो.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की खुर्ची आणि बादलीचं स्टँड ही एकच वस्तू समजून डिझाइन करा. बादलीचा काठ बसलेल्या माणसाच्या मांडीच्या जवळपास यायला हवा, बादली चांगल्या हाताच्या बाजूला हवी आणि शक्यतो नळाखालीच हवी. 20 लिटरची भरलेली बादली म्हणजे 20 किलो वजन झालं. ती सरकवायची वेळ कुणावरही येता कामा नये. स्टँडला कठडा हवा, नाहीतर एका धक्क्यात गरम पाणी मांडीवर. नळाची उंची प्रत्येक घरात वेगळी असते, तेव्हा स्टँड वरखाली करता आलं पाहिजे. बाजारात खुर्च्या पुष्कळ मिळतात, पण असं स्टँड मी अजून पाहिलेलं नाही. घरोघरी उलट्या डब्यावर नाहीतर स्टुलावर काम भागवतात.

आता खुर्चीकडे येऊ. बसताना फारसं काही बिघडत नाही, बिघडतं ते उठताना. उठण्यासाठी माणसाला पाय गुडघ्यांच्या मागे ओढून घ्यावे लागतात, मग नाक पायाच्या बोटांच्या पुढे आणून वजन पायांवर घ्यावं लागतं. म्हणून सीटखाली पुढच्या बाजूने मोकळी जागा पाहिजे. तिथे आडवा पाइप किंवा बंद खोका असला की खुर्ची दिसायला भक्कम, पण तीवरून उठताच येत नाही. हात टेकायला दोन्ही बाजूंना दांडे हवेत, त्यातला एक वर उचलता येणारा, म्हणजे व्हीलचेअरवरून बाजूने सरकून बसता येईल. घरातली साधी प्लास्टिकची खुर्ची कृपा करून सुचवू नका. ओल्या टाइलवर वजन एका बाजूला पडलं की तिचे पाय फाकतात.

सीट पुढून कापलेली ठेवा, इंग्रजी यू अक्षरासारखी. ही गोष्ट पेशंट तोंडाने सांगणार नाहीत, पण त्यांच्यासाठी ती सगळ्यात मोठी असते. स्वतःचं गुप्तांग स्वतःच्या हाताने धुता येणं आणि त्यासाठी सुनेसमोर किंवा मुलासमोर बसावं न लागणं. अंघोळ टाळणारी कितीतरी म्हातारी माणसं पाण्याला नाही, या लाजेला घाबरतात.

फरशीला निचऱ्यासाठी उतार असतो, त्यामुळे चार सारख्या पायांची खुर्ची हमखास डुगडुगते. प्रत्येक पाय वेगळा लांब-आखूड करता आला पाहिजे. पायांची रबरी टोपणं रुंद ठेवा आणि सहज बदलता येतील अशी ठेवा, कारण ती झिजतात आणि त्यांच्याखाली शेवाळ धरतं. पाइपमध्ये शिरलेलं पाणी बाहेर पडायला भोक ठेवलं नाही तर खुर्ची आतून गंजते आणि वरून चकचकीतच दिसते. बोअरवेलच्या पाण्याच्या घरात हे फार लवकर होतं. आणि एकाच बाथरूममध्ये पाच जणांचं कुटुंब अंघोळ करतं हे विसरू नका: घरातल्या बाईला एका हाताने घडी घालून बाहेर ठेवता आली नाही, तर आठवड्याभरात ती खुर्ची गॅलरीत जाते.

भिंतीवरच्या आधाराच्या दांड्याबद्दलही विचारलंत. जाडी साधारण 32 ते 40 मिलिमीटर, म्हणजे मूठ नीट वळते. भिंतीपासून अंतर अमेरिकेच्या एडीए (तिथला अपंगांच्या हक्कांचा कायदा) मानकात सुमारे 38 मिलिमीटर दिलंय आणि त्याला कारण आहे: फट जास्त ठेवली तर पडताना हात कोपरापर्यंत आत घुसून हाड मोडू शकतं. त्याच मानकात दांड्याने 250 पाउंड, म्हणजे सुमारे 113 किलोचा जोर सहन करायला हवा असं म्हटलंय. आपल्याकडे खरी अडचण भिंतीची आहे. नव्या बिल्डिंगांमध्ये सिपोरेक्सच्या हलक्या विटा असतात. साधा फिशर (स्क्रूसाठी भोकात घालायची प्लास्टिकची नळी) त्यात धरत नाही, केमिकल अँकर (भोकात रसायन भरून पक्का चिकटवलेला बोल्ट) किंवा भिंतीपलीकडून प्लेट लावून बोल्ट घ्यावा लागतो. गवंड्याला हे आधीच सांगा. चिकटवायचे सक्शनचे हँडल वजन पेलण्यासाठी अजिबात वापरू नका. टाइलच्या सांध्यातून हवा शिरली की ते कधी सुटतील याचा नेम नाही.

एका आजींची डावी बाजू गेलेली होती. घरच्यांनी मोठ्या हौसेने आत जाताना उजव्या हाताला येईल असा दांडा बसवला होता. आत जाणं उत्तम. बाहेर येताना मात्र तोच दांडा डावीकडे, म्हणजे निकामी हाताच्या बाजूला आला, आणि आजी उजव्या हाताने बेसिनखालचा पाइप धरून बाहेर येत होत्या. समोरच्या भिंतीवर दुसरा दांडा लावला तेव्हा त्यांचं जाणं-येणं दोन्ही सुरळीत झालं. असं कागदावर सुचत नाही, म्हणून आधी अंघोळ बघा. कपडे अंगावर ठेवून, पाणी न घेता, दार उघडण्यापासून अंग पुसण्यापर्यंत सगळं करून दाखवायला सांगा आणि हात कशाकशाला जातो ते टिपा. वाकलेला टॉवेलचा दांडा आणि ढिला झालेला नळ दिसला की समजा, आधार नेमका तिथे हवा आहे.

चाचणी घेताना हाताला तेल लावा. पक्षाघाताच्या पेशंटला आपल्याकडे तेलाने मालीश करून अंघोळ घालायची पद्धत सर्रास आहे. गुळगुळीत स्टीलचा दांडा तेलकट, साबणाच्या हातातून सरळ निसटतो. पृष्ठभाग खरखरीत हवा. साबण डोळ्यांत गेला की माणूस डोळे मिटतो, आणि मधुमेहाने तळपायाची जाणीव गेलेल्याचा तोल बराचसा नजरेवरच टिकलेला असतो. त्यामुळे डोळे बंद ठेवूनही दांडा आणि पाण्याचा मग हाताला सापडतात का, हे जरूर बघा.

गरम पाण्याचं थोडक्यात: 60 अंशांचं पाणी साधारण 5 सेकंदांत गंभीर भाजू शकतं, आणि बधिर हातापायाला ते कळतही नाही. बादलीत आधी गार, मग गरम, आणि कोपर बुडवून पाहणं दुसऱ्या कुणीतरी करायचं.

शेवटी किमतीचं बघा. महाराष्ट्रात 2024 पासून मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षं पूर्ण झालेल्या आणि वार्षिक कौटुंबिक उत्पन्न 2 लाखांच्या आत असलेल्या व्यक्तीला साधनांसाठी एकदाच 3000 रुपये बँक खात्यात मिळतात, आणि त्या साधनांच्या यादीत कमोड खुर्चीही आहे. तुमची खुर्ची आणि स्टँड मिळून या रकमेत बसवता आलं, तर खेड्यातल्या घरापर्यंत ते पोचेल. डिझाइनची पहिली अट म्हणून मी हाच आकडा भिंतीवर लिहून ठेवला असता. मॉडेल तयार झालं की इथेच फोटो टाका, मी बघून नक्की सांगेन.