खाल्लेलं अंगी लागतंय का?

प्रश्न : माझी मुलगी सोळा वर्षांची आहे, अकरावी सायन्सला. जिना चढली की धापा टाकते, केस गळतात. हिमोग्लोबिन ९.२ आलं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, पण पोट दुखतं म्हणून तिने आठ दिवसांत सोडल्या. दोन महिने रोज बीट-डाळिंबाचा रस देतेय. बाजरीची भाकरी, मटकी, पालेभाजी घरात असतेच. सकाळी साडेसहाला चहा-चपाती खाऊन क्लासला जाते. हल्ली कच्चे तांदूळ चघळते, रागावलं तरी ऐकत नाही. माझं काय चुकतंय?
— एक आई, बार्शी

उत्तर : ताई, आधी तांदळाचं सांगते, कारण त्यावरून लेकीला बोलणी बसताहेत. कच्चे तांदूळ, खडू, पाटीवरची पेन्सिल, माती खावीशी वाटणं हे शरीरात लोह कमी पडल्याचं ओळखीचं लक्षण आहे. तो तिचा हट्ट नाही. लोह भरून आलं की ही ओढ बहुतेक वेळा आपोआप जाते. तोवर तिला रागावू नका. तिची नखंही एकदा उजेडात नीट पाहा. मधे खोलगट, चमच्यासारखी झाली असतील तर कमतरता बऱ्याच दिवसांची आहे.

माझ्या आईची नखं तशी होती. सगळ्यांची जेवणं उरकली की ती उरलेली भाकरी चहात कुस्करून खायची. बाजरीचीच भाकरी, लोह असलेली. पण चहातली टॅनिन्स, म्हणजे तुरट द्रव्यं, धान्य-कडधान्यांतल्या लोहाला धरून ठेवतात आणि त्यातलं बरंचसं आतड्यातून रक्तात जातच नाही. एरवीही शाकाहारी जेवणातलं लोह दहा भागांतलं जेमतेम एक भाग अंगी लागतं. त्यावर चहा घेतला की तेवढंही नाही. हे मला शिकल्यावर कळलं, तोवर आईची पन्नाशी उलटून गेली होती. त्याची रुखरुख अजून आहे, म्हणून समोर येणाऱ्या प्रत्येकीला मी पहिला प्रश्न चहाचाच विचारते.

तर तुमच्या ताटात फारसं चुकत नाहीये. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलीला रोज ३२ मिलिग्रॅम लोह लागतं. बाजरीच्या १०० ग्रॅम पिठात सहाच्या वर मिलिग्रॅम असतं, मटकी त्याहून सरस. उलट १०० ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमसुद्धा नसतं, आणि डाळिंबाचीही तीच कथा. लाल रंगावरून आपण ते रक्ताशी जोडलं, एवढंच. बीट कोशिंबिरीत जरूर खा, पण त्याच्या भरवशावर दोन महिने काढू नका.

सकाळचा चहा तिथून उचला आणि संध्याकाळी पाचला द्या. जेवणाआधी आणि जेवणानंतर तासभर चहा-कॉफी नको, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत सांगितलंय. सकाळी चपातीबरोबर मोडाच्या मटकीची उसळ द्या आणि लिंबू ताटात वाढल्यावर पिळा. उकळत्या भाजीत पिळलं तर त्यातलं क जीवनसत्त्व बरंच उडून जातं, आणि लोह आत घ्यायला तेच मदत करतं. थंडीत पेरू मिळतो, लिंबापेक्षा कितीतरी पटींनी क जीवनसत्त्व असलेला. डब्यात अर्धा पेरू पुरे. घरात जुनी लोखंडी कढई असेल तर माळ्यावरून काढा. अंबाडी, चुका यांसारख्या आंबट भाज्या तीत शिजल्या की कढईचं थोडं लोह भाजीत उतरतं. भाजी झाल्याबरोबर स्टीलच्या भांड्यात काढा, नाहीतर काळी पडते आणि मुलं तोंड फिरवतात.

पण ९.२ हा आकडा नुसत्या जेवणाने भरून येणार नाही. या वयाला १२ तरी हवं. गोळ्या पुन्हा सुरू करायलाच हव्यात. पोट दुखत असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. गोळी बदलता येते, जेवणानंतर किंवा एक दिवसाआड घ्यायला सांगतात. दुधाबरोबर गोळी कधीच नको, लिंबूपाण्याबरोबर चालेल. शौचाला काळी होते, त्याला घाबरू नका. आकडा १२ वर गेला म्हणून लगेच थांबायचं नसतं, साठा भरायला आणखी काही महिने लागतात. पाळीत जास्त जातं का, जंताची गोळी शेवटची कधी घेतली, हेही तिला एकटीला बसवून विचारा. मुली आपण होऊन सांगत नाहीत.

तुम्ही एकट्या नाही, ताई. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांत ५४ जणींना रक्तक्षय निघाला. तेव्हा तपासणीला जाल तेव्हा तुमचंही रक्त द्या. पत्रात तुम्ही स्वतःविषयी एक ओळही लिहिलेली नाही.

प्रश्न : सासरे ७१ वर्षांचे, माळकरी. पंधरा वर्षं मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू आहे. पायांना मुंग्या येतात. बी-१२ जीवनसत्त्वासाठी मी त्यांना रोज मोड आलेली कडधान्यं देते. बरोबर ना?
— एक सून, सांगली

उत्तर : मोड उत्तमच, पण त्यांत बी-१२ नसतं. कुठल्याच धान्यात, भाजीत, फळात नसतं. माळकरी माणसाला ते दूध, दही, ताक, पनीर यांतूनच मिळणार. त्यात मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ कमी शोषलं जातं, आणि वयानेही ते घटतं. मुंग्या साखरेमुळे आहेत असं घरीच ठरवू नका. बी-१२ च्या कमतरतेनेही अशाच येतात, आणि फार उशीर झाला तर नसांचं नुकसान भरून येत नाही. याच आठवड्यात रक्त तपासून घ्या. कमी निघालं तर डॉक्टर इंजेक्शन किंवा गोळ्या देतील, नुसत्या दुधाने ते भागणार नाही. मेटफॉर्मिन मात्र आपल्या मनाने बंद करू नका.