क्लस्टर कायम यलो, काय करू?

प्रश्न: आमचं मरोळला छोटं ऑफिस आहे, वेबसाइटचा सर्च इलॅस्टिकसर्चवर चालतो. आधी २.४ होतं, त्यात कोप्फ प्लगइन टाकलेलं, ब्राउझर उघडला की नोड (एकेक सर्व्हर), शार्ड (डेटाचे तुकडे) सगळं एका नजरेत दिसायचं. आता खर्च वाचवायला दोनाचा एक सर्व्हर केला आणि ७.१० वर आलो, तर ते प्लगइन इन्स्टॉलच होत नाही, वर क्लस्टरचा, म्हणजे सगळ्या नोडच्या गटाचा, तब्येतीचा रंग कायम यलो. साहेब रोज विचारतात, डेटा गेला का?
– एक वाचक, अंधेरी पूर्व

उत्तर: साहेबांना सांगा, डेटा कुठं गेलेला नाहीये. यलो म्हणजे मूळ शार्ड सगळे जागेवर आहेत, रेप्लिकांना (त्यांच्या जादा कॉपींना) तेवढी जागा मिळालेली नाही, आणि मिळणार तरी कशी, मूळ शार्ड आणि त्याची रेप्लिका एका नोडवर ठेवतच नाहीत आणि तुमच्याकडे नोडच एक. रेप्लिका शून्य केल्या की लगेच ग्रीन होईल, पण मला विचाराल तर तो ग्रीन नुसता साहेबांसाठी, कारण डिस्क उडाली तर दुसरी कॉपी नाहीच. स्नॅपशॉट (म्हणजे बॅकअप) रोज दुसऱ्या मशीनवर जाऊ द्या. रेड दिसला, म्हणजे मूळ शार्डच जागेवर नाही, तर मात्र हातातला डबा ठेवून उठा.

आता कोप्फ. २०१६ मध्ये ५.० आलं तेव्हा साइट प्लगइन (कोप्फसारखं, इलॅस्टिकसर्चच्या आतूनच वेबपान दाखवणारं) हा प्रकारच काढून टाकला. कोप्फ बनवणाऱ्यानंच पुढे सेरेब्रो केलं, ते इलॅस्टिकसर्चच्या आत बसत नाही, वेगळं चालतं, जावा लागतं, ९००० पोर्टवर उघडायचं आणि इलॅस्टिकसर्चचा ९२०० पोर्टचा पत्ता द्यायचा. हेड नावाचं असंच दुसरं टूल पण आहे, पण त्यात ब्राउझर थेट क्लस्टरशी बोलतो म्हणून कॉर्स (दुसऱ्या पत्त्यावरच्या पानाला क्लस्टरशी बोलायची परवानगी) उघडावं लागतं, मला ते नको वाटतं.

रंगापेक्षा डिस्कचा आकडा बघत जा. ८५ टक्क्यांना नवीन रेप्लिका बसणं थांबतं, ९० ला इलॅस्टिकसर्च शार्ड दुसरीकडे हलवायला बघतं (तुमच्याकडे दुसरीकडे म्हणजे कुठं!), आणि ९५ ला इंडेक्स (शार्ड मिळून होणारा डेटाचा साठा) रीड-ओन्ली होतो, म्हणजे सर्च चालू पण नवीन माल चढतच नाही आणि सगळे वेबसाइटवाल्याला शिव्या घालतात. जागा मोकळी केली की ७.४ पासून ते कुलूप आपोआप निघतं.

आणि विरार लोकलमधून मोबाईलवर बघता यावं म्हणून ९००० किंवा ९२०० बाहेर उघडू नका हं. ७ मध्ये पासवर्ड आपण लावल्याशिवाय लागत नाही, तो ८.० पासून आपोआप आला, आणि सेरेब्रोत इंडेक्स डिलीट करायची सोय पण आहे. व्हीपीएन किंवा एसएसएच टनेलनंच आत या.