आधी वर्षभर झाड बघ, मग फूल तोड

अगं,

तुझा मेसेज दोनदा वाचला. पांढऱ्या फुलांचा फोटो, झाड ओळखायच्या अ‍ॅपने दिलेली तीन नावं, ग्रुपवर आलेली आणखी चार आणि खाली भाजीबद्दलचे तुझे प्रश्न, कळ्या घेऊ का उमललेली फुलं, उकळून पाणी टाकू का, लसूण घालू का. सगळे प्रश्न कढईचे. झाडाबद्दल एकही नाही. याचाच मला राग आला, खरं सांगते.

फोटोत पान कुठंय? फांदी कुठंय? तुला वाटतंय तो कुडा, फुलांची भाजी करतात ते रानझाड, असेलही, पांढरी पाच पाकळ्यांची झुपक्यातली फुलं, एप्रिल-मे, सगळं जुळतंय. पण पांढरी कण्हेरसुद्धा पाच पाकळ्यांचीच असते, आणि दोघं एकाच कुळातले, दोघांचं पान तोडलं की चीक येतो. चीक आला म्हणजे कुडा, असं तुला ज्याने सांगितलं त्याचं ऐकू नकोस. कुड्याची पानं रुंद, समोरासमोर जोडीने. कण्हेरीची अरुंद, लांब, बहुतेक तीन-तीन एकाच पेरातून निघालेली. कण्हेर विषारी आहे आणि विष उकळून जात नाही.

म्हणून परत तेच सांगते, आधी वर्षभर झाड बघ, मग फूल तोड. एकच झाड घे, येता-जाता दिसेल असं. कुड्याला कोवळी पानं कधी फुटतात, फुलांचा वास संध्याकाळी कसा येतो, पावसात लांब शेंगा जोडीने कशा लटकतात, थंडीत त्या तडकून केसाळ बिया कशा उडतात. एवढं बघितलंस की मला विचारायची गरज नाही पडणार.

तू म्हणशील वर्ष म्हणजे फार झालं. फार नाहीये! वसंतात झाडं अर्धी ओळख लपवून ठेवतात. काटेसावर फुलते तेव्हा तिच्यावर पान नसतं, मोहाचंही बरंचसं तसंच, आणि शेवळाच्या रानभाजीचं तर विचारूच नकोस, मेच्या शेवटी नुसता कोंब जमिनीतून वर येतो, पान नंतर पावसात. गेल्या पावसात त्या जागी कसलं पान होतं हे ज्याने पाहिलंच नाही तो कशाच्या भरवशावर उपटणार?

शेवळं मला जव्हारकडच्या एका मावशींनी शिकवली. बाहेरचं आवरण सोलायचं, आतला पिवळा भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरून काकड या रानफळांच्या आंबट रसात शिजवायचं, हाताला आधी तेल. आंबट कमी पडलं की घसा असा खाजतो की जेवण तिथंच संपतं. सुयांसारखे बारीक स्फटिक असतात त्यात. मावशींकडूनच मोह शिकले, कुडा शिकले, आणि कंदांचं नंतर विचारू म्हणत राहिले. त्या गेल्या. तेव्हापासून कंद मी खणतच नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. कळलावीचा कंद जीव घेतो, त्यातलं कोल्चिसिन नावाचं विष उकळून मरत नाही. उकळून पाणी टाकलं की झालं, हे कुड्याच्या कडूपणापुरतं खरं आहे, बाकी कशालाही लावू नकोस. हे मी दहादा सांगेन.

लोक म्हणतात मी नव्या मुलांना उगाच अडवून ठेवते, आणि मला येतात किती झाडं, मोजकीच. हो, मोजकीच येतात. पण प्रत्येकाला पाना-फुला-फळासकट ओळखते, आणि माझ्या हातचं खाऊन आजवर कुणी दवाखान्यात गेलेलं नाही. वीकेंडला वीस जणांना रानात नेऊन दुपारी जेवू घालणारे आहेत, त्यांचे रील्स छान असतात. असोत बापडे.

तोवर तुला काहीतरी हातात हवं असेल तर मोहापासून सुरुवात कर, मोठं झाड, पाड्यावर कुणीही दाखवेल, त्यांच्याबरोबरच जा, कारण बहुतेक झाडं कुणाच्या तरी वेचणीची असतात. पहाटेपासून फुलं आपोआप गळतात. गळतो तो फक्त रसाळ पाकळ्यांचा भाग, फळ धरायचं ते वर फांदीवरच राहतं, त्यामुळे वेचून झाडाचं काही जात नाही. कुड्याचं तसं नाही, तिथं प्रत्येक कळीबरोबर शेंगांची एक जोडी जाऊ शकते, तेव्हा एका झाडाला ओरबाडायचं नाही. मोहाची फुलं त्याच दिवशी निवडून, आतले केसर काढून, धुऊन कडक उन्हात टाक. ओली ठेवलीस तर उकाड्यात लगेच आंबतात. सुकली की कोरडी भाजून तिळाबरोबर कुट, गूळसुद्धा लागत नाही फारसा.

आणि हो, तो फोटो रस्त्याकडेचा वाटतोय, मागे डिव्हायडर दिसतोय. कुडा निघाला तरी तिथली फुलं भाजीला नकोतच. फांदीचा फोटो पाठव, पान उलटं करून, पेर दिसेल असा. आणि ग्रुपवर ज्याने ‘कन्फर्म कुडा’ लिहिलंय ना, त्याला विचार की या झाडाची शेंग त्याने कधी पाहिलीये.