सुईदोऱ्याच्या शंका : कापडी पुस्तकं, अक्षरं आणि गोधडी

या अंकासाठी आलेल्या पत्रांत बहुतेकांनी लहान मुलांच्या कापडी पुस्तकांबद्दल विचारलं आहे. मापं इंचांत दिली आहेत, कारण घरातला टेप आपण त्याच बाजूने वापरतो. कापड मात्र मीटरवर मिळतं, तेव्हा ते मीटरमध्ये.

प्रश्न : नात आठ महिन्यांची आहे. तिच्यासाठी आठ पानांचं कापडी पुस्तक शिवायचंय. कापड किती आणू? आणि पानांचा क्रम कसा लावायचा? मागच्या पुस्तकात तिसरं पान सहाव्याच्या जागी गेलं होतं. (एक आजी, नाशिक)

सात इंच चौरस पान धरा. दोन पानांची मिळून एक पट्टी, म्हणजे शिवून तयार 14 बाय 7 इंच. चारही बाजूंना अर्धा इंच शिलाईसाठी सोडून 15 बाय 8 इंच कापायची. आठ पानांना अशा चार पट्ट्या लागतात. 36 इंच पन्ह्याच्या मांजरपाटात एका ओळीत दोन पट्ट्या बसतात, त्यामुळे अर्धा मीटर पुरतं. आत घालायला 15 बाय 8 इंचांचेच फलालीनचे दोन तुकडे घ्या.

आणल्या आणल्या कात्री लावू नका. कोरं मांजरपाट रात्रभर भिजत घाला, खळ निघेपर्यंत धुवा, थोडं ओलसर असतानाच इस्त्री करा आणि मग मापं टाका. कोरं कापड पहिल्या धुण्यात आटतं, पन्ह्यापेक्षा लांबीत जास्त. फलालीन तर त्याहून आटते. दोन्ही न धुता शिवली की एक जास्त आटतं, एक कमी, आणि पानं कायमची चुरगळतात. मग कितीही इस्त्री करा.

आता क्रम. एका पट्टीवर शेजारी येणाऱ्या दोन पानांच्या आकड्यांची बेरीज नेहमी नऊ आली पाहिजे, म्हणजे पानांच्या संख्येपेक्षा एक जास्त. डावीकडून उजवीकडे पट्ट्या अशा होतील : 8 आणि 1, 2 आणि 7, 6 आणि 3, 4 आणि 5. पहिलीच्या पाठीला दुसरी शिवायची, तिसरीच्या पाठीला चौथी. बारा पानं केलीत तर बेरीज तेरा. एवढं करूनही आधी कागदाचे दोन तुकडे दुमडून आकडे लिहून बघाच. तुमचं तिसरं पान सहाव्याच्या जागी गेलं ते तिसरी पट्टी उलटी धरल्यामुळे. प्रत्येक पट्टीच्या वरच्या कडेला शिलाईच्या भागात पेन्सिलीने बाणाची खूण करून ठेवा.

चित्रं, अक्षरं, खिसे, सगळं पट्ट्या सुट्या असतानाच पूर्ण करायचं. एकदा दोन पट्ट्या जोडल्या की मागच्या गाठी लपवायला जागा उरत नाही. पट्टीच्या बरोबर मधला एक इंच मोकळा ठेवा, तिथे घडी येणार आहे. भरतकाम झालं की सुलट बाजू एकमेकींकडे करून दोन पट्ट्या ठेवा, वर फलालीन, आणि अर्ध्या इंचावर चौफेर टीप. उलटवण्यासाठी तीन इंच जागा सोडायची ती खालच्या कडेला, पण कोपऱ्यात नाही आणि मधल्या घडीवरही नाही. कोपरे तिरके कापा, टिपेपासून दोन दोरे अलीकडे थांबून. उलटवून बोथट पेन्सिलीने कोपरे बाहेर काढा, इस्त्री करा आणि राहिलेली फट बाहेरून दिसणार नाही अशा बारीक टाक्यांनी बंद करा.

एक बारकावा : आतली जोडी (तिसरी आणि चौथी पट्टी) लांबीला पाव इंच कमी ठेवा. तशी नाही ठेवली, तर फलालीनच्या जाडीमुळे पुस्तक मिटल्यावर आतली पानं बाहेर डोकावतात.

प्रश्न : पानं छान होतात, पण दोन्ही जोड्या एकात एक ठेवून मधली टीप मारताना मशीनची सुई मोडते नाहीतर टाके सुटतात. मशीन साधी घरगुती आहे. (एक वाचक, कोल्हापूर)

मशीनला दोष देण्याआधी पदर मोजा. पुस्तकाच्या मधोमध सहा पदर असतात : प्रत्येक जोडीत दोन कापडं आणि एक फलालीन. वरच्या आणि खालच्या टोकाला मात्र शिलाई आत दुमडलेली असते, तिथे तेच पदर बारा होतात. सुई मोडते ती बहुतेक वेळा याच टोकांवर. उपाय शिवतानाच करायचा : चौफेर टीप झाल्यावर शिलाईतली फलालीन टिपेलगत कापून टाका. बाराचे दहा होतात, आणि हे दोन पदर फार फरक पाडतात.

टीप मारताना 16 नंबरची नवी सुई लावा. टाक्याची लांबी तीन ते साडेतीन मिलिमीटर. सुरुवात कडेवरून न करता अर्धा इंच आतून करा, मागे कडेपर्यंत या आणि मग पुढे जा. कडेजवळ मोटार किंवा पायडल सोडून चाक हाताने फिरवा. कापड दाबणारा मशीनचा पाय एका बाजूला उंच, एका बाजूला खाली असा तिरपा झाला की टाके सुटतात. पायाच्या मागच्या टोकाखाली त्याच जाडीची कापडाची घडी सरकवा, म्हणजे तो सपाट बसेल.

तरीही जमलं नाही, तर मधली शिलाई हाताने करा. आम्हाला तीच जास्त आवडते : पुस्तक पूर्ण सपाट उघडतं आणि कधी सैल झालं तर उसवून पुन्हा शिवता येतं. मधल्या घडीवर पाच खुणा करा. एक बरोबर मध्ये, साडेतीन इंचांवर. दोन टोकांपासून पाऊण इंच आत. उरलेल्या दोन, मधल्या आणि टोकाच्या खुणांच्या मधोमध. वरून खाली एक ते पाच आकडे द्या. गोधडीचा जाड दोरा 25 इंच घ्या, मेणावरून ओढा.

सुई आतून तीनमधून बाहेर काढा, शेपूट चार इंच सोडा. बाहेरून दोनमध्ये आत, आतून एकमधून बाहेर, बाहेरून परत दोनमध्ये आत. आता आतल्या बाजूने तीन ओलांडून थेट चारमधून बाहेर. पाचमध्ये आत, परत चारमधून बाहेर, आणि शेवटी तीनमध्ये आत. दोऱ्याची दोन टोकं दोन ते चार या लांब टाक्याच्या दोन बाजूंना आली पाहिजेत. त्या टाक्यावरून घट्ट गाठ मारा आणि टोकं पदरांच्या मध्ये ओढून घ्या. दोन्ही टोकं एकाच बाजूला आली, तर गाठ लांब टाक्याला धरत नाही आणि पुस्तक महिन्याभरात ढिलं पडतं.

प्रश्न : बाळ पुस्तक तोंडात घालतं. बटणं, मणी, लेस लावावी का? (एक आई, ठाणे)

तीन वर्षांखालच्या मुलाच्या पुस्तकात बटण, मणी, टिकल्या, घुंगरू काहीच नको. कितीही पक्कं शिवलं तरी दोरा झिजतो. लोहचुंबक तर मोठ्या मुलाच्या पुस्तकातही घालू नका : दोन चुंबक गिळले गेले तर आतड्यात एकमेकांना ओढतात आणि शस्त्रक्रियेची वेळ येते. फीत किंवा नाडी वीतभरापेक्षा पुष्कळ लहान, दोन-अडीच इंचांची, आणि दोन्ही टोकं शिलाईत अडकवलेली. डोळे दोऱ्याने भरा, गाठीच्या टाक्याने ते उठावदार दिसतात.

रंग जाण्याची परीक्षा सोपी आहे. पांढऱ्या ओल्या फडक्याने कापडाच्या कोपऱ्यावर वीसेक वेळा घासा. फडक्याला रंग लागला, तर ते कापड तोंडात जाणाऱ्या पुस्तकाला चालणार नाही. मीठ-व्हिनेगरच्या पाण्याने रंग पक्का होतो असं बरेच जण सांगतात. तयार रंगवलेल्या कापडाचा सुटणारा रंग त्याने थांबत नाही. लाल, गर्द निळा आणि काळा या रंगांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका.

प्रश्न : मुळाक्षरांचं पुस्तक करतेय. फेल्टची अक्षरं कापली तर काही उलटी निघाली, काहींचे तुकडे झाले. (एक शिक्षिका, रत्नागिरी)

उलटी निघाली ती इस्त्रीने चिकटणाऱ्या जाळीच्या कागदावर सरळ काढल्यामुळे. हा कागद कापडाच्या मागच्या बाजूला चिकटतो, म्हणून अक्षर आरशातल्यासारखं उलटं काढावं लागतं. साध्या कागदावर जाड पेनाने अक्षर लिहा, तो कागद खिडकीच्या काचेला पालथा धरा आणि मागून दिसेल तसं गिरवा.

तुकडे झाले ते ग, ण आणि श यांचे असणार. या अक्षरांचे दोन भाग फक्त शिरोरेषेने जोडलेले असतात, म्हणून शिरोरेषेसकट एकाच तुकड्यात कापायचं आणि शिरोरेषा किमान पाव इंच रुंद ठेवायची. ब च्या पोटातली तिरकी रेघ कापून साधत नाही. व कापा आणि रेघ दोऱ्याने भरा. अक्षराची उंची दीड इंचापेक्षा कमी केलीत, तर क्ष आणि ज्ञ मध्ये कात्री फिरणारच नाही.

कडेला काजाचा टाका घाला, तीन मिलिमीटर खोल आणि तेवढ्याच अंतरावर. सहा पदरी धाग्यातले दोनच पदर घ्या. नुसत्या दोऱ्याने अक्षर भरायचं असेल तर साखळी टाका घ्या, गोलाईवर टाके अर्धे लहान करा आणि शिरोरेषा सगळ्यात शेवटी घाला. म्हणजे दंड आणि गोलाई यांची वरची टोकं तिच्याखाली झाकली जातात.

प्रश्न : मुखपृष्ठाला खणाचे तुकडे लावलेत, पण कडा भराभर सुटतात. (एक वाचक, बेळगाव)

खणाची नक्षी जादा ताण्याने, म्हणजे जादा उभ्या धाग्यांनी, उठवलेली असते आणि मागच्या बाजूला ते धागे लांब मोकळे असतात. कापलं की ते सुटणारच. कापण्याआधी तुकड्याच्या मागे पातळ फ्युजिंग चिकटवा, ज्याला शिंपी पेस्टिंग म्हणतात. मग माप टाका आणि शिलाईला अर्ध्याऐवजी पाऊण इंच द्या. इस्त्री मागूनच, मध्ये सुती फडकं ठेवून. इस्त्री घासू नका, दाबून उचला. घासल्याने फ्युजिंग सरकतं आणि फुगे येतात.

कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या हातमागाच्या खणाबरोबर बाजारात हुबेहूब दिसणारा पॉलिएस्टरचा खणही आहे. एक धागा चिमट्यात धरून जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख पडते, रेशमाला केस जळल्याचा वास येतो, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. पॉलिएस्टर निघाला तर फ्युजिंग कमी आचेवर, आणि आधी चिंधीवर करून बघा.

प्रश्न : आजीच्या नऊवारी लुगड्याची बाळासाठी छोटी गोधडी शिवतेय. मधोमध फुगा येतो, थर सरकतात. (एक वाचक, सोलापूर)

36 बाय 44 इंच हे माप बाळाला पुरतं. एका नऊवारीतून 44 इंच लांबीचे सातेक तुकडे निघतात, त्यातले धड चार घ्या. कापड दोन्ही हातांत ताणून अंगठ्याने दाबा. कर्रकन आवाज आला किंवा दोरे विरळ झाले तर तो भाग विरला आहे. विरलेलं कापड आतल्या थरात खपून जाईल असं वाटतं, पण ते आत चुरा होतं आणि टाके मोकळे पडतात. तो भाग सोडूनच द्या.

फुग्याचं कारण असं : सुई प्रत्येक टाक्याला वरचा थर किंचित पुढे ढकलते. कडेपासून शिवत आत आलात, की ढकललेलं सगळं कापड मध्ये साठतं. आपल्याकडची जुनी पद्धत कडेपासून चौकोनात चौकोन घालत आत येण्याचीच आहे, आणि ती चुकीची नाही, पण तिच्यात थर आधी पक्के बांधलेले असावे लागतात. थर जमिनीवर पसरा, एकेक इस्त्री करून, सगळ्यांचे उभे धागे एका दिशेला ठेवून. मध्यापासून बाहेर जात चार-चार इंचांवर आडवे-उभे कच्चे टाके घाला. यात तासभर जातो आणि तो वाचवायला बघणाऱ्यांच्याच गोधड्या फुगतात. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका त्यांची कवंद, म्हणजे त्यांची गोधडी, कडेपासूनच शिवतात, पण त्या वरचे तुकडे शिवता शिवताच एकेक मांडत जातात, त्यामुळे ढकललेलं कापड पुढच्या तुकड्याच्या दुमडीत सामावतं.

मग इंचाच्या अंतराने धावदोरा घाला. चार-पाच टाके सुईवर घ्या, दोरा ओढा आणि लगेच अंगठ्याने कापड मागे सपाट करा. आडव्या 44 ओळी गुणिले 36 इंच म्हणजे जवळपास 40 मीटर होतात. टाक्यांची चढउतार आणि शेपटं धरून 50 मीटर दोरा आणा. ओळीच्या शेवटी दोरा संपत आला तर मध्येच जोड देऊ नका, नवी ओळ नव्या दोऱ्याने सुरू करा.

थोडक्यात उत्तरं

*दोरा सारखा गुंततो (लातूर)* : सव्वा हातापेक्षा लांब घेऊ नका. दर आठ-दहा टाक्यांनी सुई खाली लोंबकळू द्या, पीळ आपोआप उलगडतो.

*वेल्क्रोचं कोणतं अंग पानावर लावायचं (पुणे)* : मऊ बाजू पानावर, खरखरीत बाजू काढता येणाऱ्या चित्रावर. उलट केलंत तर पानं एकमेकांना चिकटतात. मागे गोंद असलेला वेल्क्रो शिवू नका, सुईला गोंद बसून टाके सुटतात.

*आत कापूस भरला तर? (जळगाव)* : पहिल्या धुण्यात गोळे होतात. जुन्या टर्किश टॉवेलचा तुकडा बरा, पण पावसाळ्यात तो लवकर वाळत नाही. त्या दिवसांत फलालीनच.

*इस्त्रीने उडणाऱ्या पेनाने चित्रं काढून पुस्तक कॅनडाला मुलीकडे पाठवलं, तिथे रेघा परत दिसायला लागल्या (सांगली)* : ती शाई उष्णतेने नुसती अदृश्य होते, कडाक्याच्या थंडीत पुन्हा उमटते. मुलीला इस्त्री फिरवायला सांगा, रेघा तात्पुरत्या जातील. पुढच्या वेळी पाण्याने जाणारं निळं पेन वापरा, आणि ते मात्र इस्त्रीआधी साध्या पाण्याने धुवा. उष्णता लागली की त्याचा डाग पक्का बसतो.