वेगवेगळ्या धर्मांतल्या साधना रोजच्या आयुष्यात कशा आणायच्या? सगळं एकत्र केलेलं चालतं का?

प्रश्नात तुम्ही तुमचं टाइमटेबलच लिहिलंय ते बरं केलंत. पुण्यात आयटीत नोकरी, सकाळी सूर्यनमस्कार, मग झेनवाले बसतात तसं बसणं, दुपारी डेस्कवर जप, संध्याकाळी यूट्यूबवर झिक्र, म्हणजे सूफींचा अल्लाच्या नावाचा जप, लावून ऐकणं, झोपताना येशूची प्रार्थना, आणि महिनाभरात सगळंच बंद. आणि आता विचारताय की असं मिसळणं मुळातच चुकीचं आहे का.

मी गोव्याची, माहेर डिचोली तालुक्यातलं आणि सासर म्हापशाचं. मी कुणी अधिकारी बाई नाही, पण ह्या विषयात आमच्याकडे बघायला भरपूर मिळतं म्हणून लिहितेय. माझं मत विचाराल तर मिसळायला हरकत काहीच नाही. पण प्रत्येक साधनेला तिची एक वेळ असते, काही पथ्यं असतात, आणि ती करणारी माणसं असतात, हे तिन्ही सोडून नुसता मधला छान वाटणारा भाग उचलला की तो टिकत नाही, आणि तुम्ही पाचही ठिकाणी तेवढंच केलंय असं मला वाचताना वाटलं.

उदाहरण देते. शिरगावच्या लईराई देवीची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला असते, तिथे धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, पहाटे निखाऱ्यांवरून चालत जातात. फोटो सगळ्यांनी बघितलेला असतो तो त्या निखाऱ्यांचाच. पण माझे मामा धोंड होते, त्यामुळे आम्ही पोरांनी लहानपणी बघितलं ते त्याच्या आधीचे दिवस. सोवळ्यातलं वेगळं जेवण, मासळी बंद, तळीवर जाऊन आंघोळ, बाकीच्या धोंडांबरोबर राहणं, कुणाशी वाकडं बोलायचं नाही, आणि हातात ती रंगीत लोकरीचे गोंडे लावलेली वेताची काठी. मामा निखाऱ्यांबद्दल फारसं बोलायचेच नाहीत, बोलायचे ते व्रताच्या दिवसांबद्दल. आणि आता हल्ली कंपन्यांच्या ट्रेनिंगमध्ये आत्मविश्वास वाढवायला निखाऱ्यांवरून चालवतात म्हणे, दुपारी भाषण आणि रात्री चालायचं. पाय भाजतही नसतील, पण ते आणि हे एकच आहे असं मला कुणी सांगू नये. आमच्या हरमल-हणजूण पट्ट्यातही बोर्ड बघा, एकाच वीकेंडला कीर्तन, तिबेटी वाडगे, सूफी नाच, पौर्णिमेचा काहीतरी विधी, वर ब्रेकफास्ट धरून पॅकेज. असो, तो वेगळा विषय आहे आणि मी त्यावर सुरू झाले की थांबत नाही.

आता दुसरी बाजू. लईराई धरून ह्या सात बहिणी अशी लोकांची श्रद्धा आहे, केळबाय, म्हामाय, मोरजाय वगैरे, आणि त्यातली एक मिराबाय, ती म्हणजे म्हापशाच्या सेंट जेरोम चर्चमधली मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मेरीमाता. ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी तिचं फेस्त (सण) असतं, त्या दिवशी तेल घेऊन येणाऱ्यांच्या रांगेत हिंदू किती आणि ख्रिश्चन किती हे कुणी मोजत बसत नाही. माझ्या सासूबाई आयुष्यभर गेल्या. पण त्या गेल्या त्या तेल घेऊन, बहिणीकडे जावं तशा. कम्युनियनच्या, म्हणजे चर्चमधल्या प्रसादाच्या, रांगेत त्या कधी उभ्या राहिल्या नाहीत, कारण ते बाप्तिस्मा घेतलेल्या कॅथलिकांसाठी असतं हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यात त्यांना कमीपणाही वाटला नाही. मला वाटतं कुठल्याही दुसऱ्या धर्माचं काही घ्यायचं तर आधी हे शिकावं, कुठपर्यंत यायला मोकळीक आहे आणि कुठे बाजूला थांबायचं. माहीत नसेल तर सरळ विचारायचं, लोक रागावत नाहीत.

आणि हे सगळं इथे आपोआप, गुण्यागोविंदाने झालं असंही समजू नका. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, 1560 ला आलं ते कायमचं बंद झालं 1812 ला, आणि 1736 च्या एका फर्मानात तर बाटलेल्या लोकांनी जुन्या घरातल्या कुठल्या कुठल्या रीती पाळायच्या नाहीत ह्याची लांबलचक यादी होती, अंगणात तुळस लावण्यापासून ते लग्नातल्या चालीरीतींपर्यंत. तरी आजही ख्रिश्चन लग्नाच्या आधी नवरा-नवरीला नारळाचा रस लावतात तो रोस आपल्या हळदीचाच भाऊ वाटतो, आणि भाताची पहिली कणसं आम्ही चवथीच्या दिवसांत पुजून दाराला लावतो तर राय गावच्या चर्चमध्ये 5 ऑगस्टला कणसांचं फेस्त करतात. हे काही कुणी ठरवून मिसळलेलं नाही, शेत तेच, पाऊस तोच, मग आभार मानायची वेळही साधारण तीच येणार.

मग ठरवून करणाऱ्यांनी कसं केलं ते बघा. रामकृष्ण परमहंसांनी 1866 च्या सुमारास इस्लामची साधना केली तेव्हा त्या काही दिवसांत ते अल्लाचं नाव घ्यायचे, नमाज पढायचे आणि कालीच्या देवळात पाऊलही टाकायचे नाहीत. म्हणजे एका वेळी एकच, आणि तेही पूर्ण. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात तर आधीच सांगतात की तेवढे दिवस तुमचा जप, पोथी, उपास, प्रार्थना, ताईत सगळं बाजूला ठेवा, नंतर वाटलं तर परत करा. पहिल्यांदा ऐकून राग येतो, पण मुद्दा साधा आहे, दोन गोष्टी एकदम केल्या तर कशाने काय झालं हे कळणार कसं.

उलट सेवाग्रामला गांधींच्या आश्रमात सगळं एकत्रच होतं, बौद्ध मंत्र, ईशावास्य, कुराणातली आयत, पारशी प्रार्थना, भजन. पण ते रोज, त्याच वेळेला, त्याच क्रमाने, सगळ्यांनी मिळून, आणि नंतर झाडू मारायला आणि सूत काततानाही तीच माणसं. म्हणजे मिसळलेलं असलं तरी ती एकच साधना झाली होती. तुमच्याकडे पाच अ‍ॅप आहेत आणि पाचही तुम्ही एकटेच खोलीत बसून करताय, मला वाटतं गडबड तिथे आहे.

माझं स्वतःचं सांगायचं तर आधार आहे तो घरातलाच, तिन्हीसांजेला तुळशीकडे दिवा आणि हरिपाठ, नेहमी अख्खा होतोच असं नाही. त्यात दोन गोष्टी बाहेरून आल्या. एक शेजारच्या आंटीकडून. त्यांच्या घरी रात्री तेर्स होते, म्हणजे रोझरी, भिंतीपलीकडून ऐकू येते, आणि त्यानंतर त्या पाचेक मिनिटं गप्प बसतात. एकदा विचारलं तर म्हणाल्या, दिवस उलटा बघतेय. ती पद्धत इग्नेशियस लोयोलाची, म्हणजे आमच्या गोंयच्या सायबाचा, फ्रान्सिस झेवियरचा जो सोबती होता त्याची. आधी दिवसाबद्दल आभार, मग नीट दिसू दे अशी मागणी, मग सकाळपासून काय काय झालं, कुठे आपण वाईट वागलो त्याची माफी, आणि उद्याचं एक काहीतरी. मी ते हरिपाठानंतर करते, माझ्या विठ्ठलासमोर. आंटीला सांगितलं तर हसल्या आणि म्हणाल्या, "कर गो, पूण रोज कर."

दुसरी ऑफिसमधल्या मुसलमान मैत्रिणीकडून. रमजानमध्ये ती कॅल्क्युलेटर घेऊन बसायची, ठराविक मर्यादेच्या वर जी बचत चांद्र वर्षभर राहिली तिच्यावर अडीच टक्के जकात. दागिने किती, बँकेत किती, देणं किती, सगळं काढून. मी तोपर्यंत दानधर्म करायचे तो मूड आला की. तिचं बघून मी आता वर्षातून एकदा हिशेब करून बाजूला काढते, मी त्याला जकात म्हणत नाही कारण ती कुणाला द्यायची ह्याचेही तिच्याकडे नियम आहेत आणि ते मी पाळत नाही. पण खरं सांगते, ध्यानाबिनापेक्षा ह्या आकडेमोडीने मला जास्त हलवलं. आपल्याकडे किती आहे हे कागदावर बघणं फार अवघड जातं!

म्हणून तुम्हाला सांगेन की शांत वाटायच्या गोष्टींबरोबर एखादी खर्चाची, नाहीतर अंगमेहनतीची गोष्टही घ्या. गुरुद्वारात लंगर असतो तिथे जेवून या आणि मग भांडी घासायला थांबा, तुम्ही कोण ते कुणी विचारणार नाही. जैन मित्र असेल तर त्याला सामायिक, म्हणजे त्यांचं शांत बसून करायचं व्रत, कसं करतात विचारा, 48 मिनिटं एका जागी बसायचं असतं, दहा मिनिटांच्या अ‍ॅपनंतर ते काय असतं ते कळेल.

आईला हे आवडत नाही असं तुम्ही शेवटी लिहिलंय. तर घरातलं जे आहे ते बंद करू नका, आरती असेल तर आरतीला उभे राहा, त्याच्या जागी काही आणायचं नाहीये. आणि पाचातलं एक निवडायचं तर तुमच्या लिहिण्यावरून बसण्याची ओढ जास्त दिसते, त्यामुळे मी म्हणेन ते बसणंच धरा, आणि ते नीट शिकायला विपश्यनेचं शिबिर करा. इगतपुरी तुम्हाला फार लांब नाही, फी नसते, शिबिर पूर्ण झाल्यावर द्यायचं ते दान. पहाटे चारला घंटा होते, दिवसाला दहा तासांच्या आसपास बसायचं, पहिले तीन दिवस नुसता श्वास. फोन पहिल्याच दिवशी जमा करतात, तेव्हा तुमच्या मॅनेजरला आधी सांगून ठेवा, आणि जायच्या आधीच्या आठवड्यात सॉफ्टवेअरचं रिलीज नाही ना ते बघा.