फिएस्टावर रेगे नको

प्रश्न : आजोबांचा एचएमव्ही फिएस्टा हा जुना रेकॉर्ड प्लेयर माळ्यावरून काढून दुरुस्त करून घेतला. गोव्याच्या एका शॅकमध्ये बॉब मार्ली या जमैकन रेगे गायकाला ऐकलं आणि वेड लागलं, म्हणून ‘लेजंड’ ही एलपी घेतली. आता रूट्स रेगेचा, म्हणजे सत्तरच्या दशकातल्या मुळाशी जाणाऱ्या जमैकन रेगेचा संग्रह करायचा आहे. महिन्याला एक एलपी परवडते. पहिल्या दहा कोणत्या घेऊ? मूळ प्रेसिंगच, म्हणजे त्या काळी छापलेली प्रतच घ्यावी का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आधी कडू औषध. तीस वर्षं लंडनमध्ये नर्स होते, ती सवय काही जात नाही. फिएस्टा आजोबांची आठवण म्हणून जपा, पण नवी एलपी त्यावर लावू नका. त्याची सुई जड बसते आणि खाचा झिजवते. शिवाय त्याच्या एवढ्याशा स्पीकरमधून बास ऐकूच येत नाही. बासशिवाय रेगे म्हणजे पखवाजाशिवाय भजन. तेव्हा पहिले काही महिने रेकॉर्ड घेऊ नका. ते पैसे सुईचं वजन कमीजास्त करता येईल असा टर्नटेबल आणि दोन बऱ्या स्पीकरसाठी साठवा. तोवर ‘लेजंड’ कव्हरातच राहू दे.

दहाची यादी मी देणार नाही. यादीवरून घेतलेला संग्रह दुसऱ्याचा असतो. वाट मात्र सांगते.

१९७७ साली मी लंडनच्या हार्ल्सडेन भागात राहायची. शनिवारी सकाळी नाइट ड्यूटी संपली की माझी जमैकन मैत्रीण मला रेकॉर्डच्या दुकानात ओढून न्यायची. काउंटरमागचा माणूस नवी सिंगल, म्हणजे एका बाजूला एकच गाणं असलेली लहान रेकॉर्ड, जेमतेम अर्धा मिनिट वाजवायचा, ज्याला हवी त्याने हात वर करायचा. मी बावळटासारखी विचारायची, “कोण गातंय?” बाकीचे विचारायचे, “कुणाच्या स्टुडिओतली?” ही गोष्ट कळायला मला वर्ष लागलं. आपण लताबाई, आशाबाई म्हणून रेकॉर्ड घेतली. तिकडे आधी निर्माता आणि स्टुडिओ पाहतात. तोच गायक स्टुडिओ वनमध्ये कॉक्सन डॉडकडे एक असतो आणि ब्लॅक आर्कमध्ये ली पेरीकडे वेगळाच.

‘लेजंड’ मार्ली गेल्यानंतर तीन वर्षांनी, १९८४ साली निघाली. गाणी सुंदर आहेत, पण निवड जरा गोड बाजूने झुकलेली. तिथून मी तुम्हाला थेट बर्निंग स्पिअरच्या १९७५ सालच्या ‘मार्कस गार्वी’कडे नेईन. जमैकाच्या सेंट अ‍ॅन परगण्यात मार्ली जन्मला, बर्निंग स्पिअर म्हणजे विन्स्टन रॉडनी तिथलाच आणि १८८७ साली खुद्द गार्वीही तिथेच जन्मला. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्यांच्या वंशजांनी ताठ मानेने उभं राहावं, म्हणून हा माणूस आयुष्यभर झटला आणि १९४०मध्ये लंडनला वारला. रॉडनी त्याचं नाव असं घेतो, जसं आपल्याकडे वारकरी तुकोबांचं घेतो. त्याच एलपीतून गाण्याचे आवाज जवळजवळ काढून ‘गार्वीज घोस्ट’ ही दुसरी एलपी १९७६मध्ये निघाली. या दोन्ही लागोपाठ घ्या. पहिली तोंडपाठ झाल्यावर दुसरी लावा. आवाज गेल्यावर मागे काय काय चाललं होतं ते कळतं.

मग काँगोज या गायकांच्या जोडीची ‘हार्ट ऑफ द काँगोज’, १९७७. ली पेरीने घरामागच्या स्टुडिओत साध्या चार ट्रॅकच्या यंत्रावर केलेलं काम. जोडीतल्या सेड्रिक मायटनचा आवाज इतका वर जातो की पहिल्यांदा मला बाईच गातेय असं वाटलं. मध्येच गाय हंबरते. खरंच. कोकणातल्या आमच्या घरी ही लावली की शेजारच्या काकू अंगणात डोकावतात. ही रेकॉर्ड आयलंड कंपनीने तेव्हा बाजारात आणलीच नाही. १९९६मध्ये ब्लड अँड फायर या मँचेस्टरच्या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, ती नीट काढली, तेव्हा कुठे जगभर पोचली.

तुमच्या मूळ प्रेसिंगच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. सत्तरच्या दशकातल्या जमैकन छपाईत पुष्कळदा जुनी रेकॉर्ड वितळवून पुन्हा वापरलेली असते. ती खरखरते, कधी भोक नेमकं मधोमध नसतं, मग सूर हेलकावतो. मूळ प्रतीला मान आहे, किंमतही आहे, पण नवशिक्याने रिइश्यू, म्हणजे नव्याने छापलेली प्रत घ्यावी. प्रेशर साउंड्स, सोल जॅझ ही नावं कव्हरवर दिसली की निर्धास्त उचला. सोल जॅझचा स्टुडिओ वनवरचा एखादा संच घेतलात तर एकाच संचात बरेच गायक भेटतील. त्यातला जो मनात घर करेल, त्याच्या मागे जा. पुढची वाट तुमची तुम्हालाच सापडेल. मला कल्चर या गटाची ‘टू सेव्हन्स क्लॅश’ अशीच मिळाली, आणि तिच्यामुळे जो गिब्सचा स्टुडिओ.

ऐकताना एक कराल? हाताने ताल धरा. जिथे आपल्या कानाला सम हवी असते, तिथे ड्रम गप्प बसतो आणि तिसऱ्या मात्रेवर पडतो. याला ‘वन ड्रॉप’ म्हणतात. तबला शिकलेल्या माझ्या भावाला याचा आधी राग आला होता.

प्रश्न : लंडनहून परतलेल्या मामांनी लहान रेकॉर्डचा गठ्ठा दिला. बऱ्याच जणींवर लेबल कोरं आहे, मधलं भोक मोठं आहे, आणि मागच्या बाजूला तेच गाणं गायकाशिवाय आहे. सदोष माल आहे का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मामांना माझा नमस्कार सांगा! माल उत्तम आहे. सात इंची जमैकन सिंगलचं भोक मोठंच असतं. मधे बसवायची प्लॅस्टिकची चकती मिळते, ती घ्या. कोऱ्या लेबलच्या आयात प्रतींना आम्ही ‘प्री’ म्हणायचो. त्या ऐकूनच घ्यायच्या असतात. मी एकदा गर्दीत न ऐकताच घेतली आणि घरी आल्यावर ते ख्रिसमसचं गाणं निघालं. तेही मार्चमध्ये.

मागच्या बाजूला ‘व्हर्शन’ म्हणतात. रस्त्यावरच्या साउंड सिस्टीमवर, म्हणजे मोठे स्पीकर लावून चालणाऱ्या नाचाच्या कार्यक्रमात, त्या सुरावटीवर दुसऱ्याने बोलावं, गावं, म्हणून ती रिकामी ठेवलेली. किंग टबी मूळचा इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणारा. त्याने या रिकाम्या जागेत ड्रम, बास, प्रतिध्वनी यांचा खेळ मांडला आणि ‘डब’ जन्मला. आवडलं तर ऑगस्टस पाब्लोची ‘किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन’ मिळवा. पाब्लो मेलोडिका वाजवतो, शाळेच्या बँडमध्ये मुलं फुंकतात ती.

आणि रत्नागिरी म्हणजे पावसाळा. माझी तीन कव्हरं पहिल्याच आषाढात बुरशीने गेली. रेकॉर्ड उभ्या ठेवा, भिंतीला कपाट टेकवू नका, आतली कागदी पाकिटं बदलून प्लॅस्टिकची घाला आणि सिलिका जेलच्या पुड्या दर महिन्याला बदला. आडवा गठ्ठा मात्र कधीच नको, खालच्या वाकतात.

प्रश्न : घरचे म्हणतात, ही सगळी गांजाची गाणी. काय सांगू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : काही गाणी आहेत, नाकारू नका. रास्ताफारी या जमैकन धर्मपंथाच्या लोकांना ते धर्मकार्य वाटतं. पण ‘गांजा’ हा शब्द जमैकात आपल्याच लोकांबरोबर गेला. १८४५पासून उसाच्या मळ्यांवर नेलेल्या भारतीय मजुरांनी तो नेला. घरच्यांना एवढं सांगा आणि मग अ‍ॅबिसिनियन्स या तीन गायकांच्या गटाचं ‘सत्ता मस्सागना’ लावा. १९६९मध्ये कॉक्सन डॉडकडे रेकॉर्ड झालं, त्याने बाहेरच काढलं नाही, शेवटी या तिघांनी टेप विकत घेऊन १९७१मध्ये स्वतःच्या लेबलवर काढलं. संध्याकाळी देवापाशी दिवा लागला की लावा. माझ्या आईने डोळे मिटून ऐकलं होतं आणि विचारलं होतं, “कुठल्या देवळातलं गं?”