नवीन पॉलिशची दारं चिकट लागतात? सोडा लावण्याआधी हे बघा

ताई, सोडा नका लावू. मागच्या महिन्यात किचनच्या जुन्या सागवानी दारांना पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारून घेतलं आणि आता हात लावला की चिकट लागतं, सोड्याने पुसू का, असं तुम्ही विचारलंय. पण हा चिकटपणा दोन तऱ्हेचा असतो.

शेगडीपासून सगळ्यात लांबचं दार घ्या. जिथे कुणाचा हात लागत नाही अशा जागी अंगठा जरा दाबून धरा. ठसा उमटला तर पॉलिशच कच्चं आहे. पीयूत हार्डनर, म्हणजे थर कडक करणारं रसायन, मिसळावं लागतं, ते कमी पडलं की थर मऊच राहतो. ते पुसून जायचं नाही, पॉलिशवाल्यालाच बोलवा.

लांबचं दार कोरडं आणि फक्त हँडलभोवती, शेगडीच्या वर चिकट असेल, तर ती फोडणीच्या तेलाची वाफ. घरात सावजी रस्सा होत असेल तर विचारूच नका! हे तेल गरम हवेत हळूहळू घट्ट होऊन डिंकासारखं बसतं, म्हणून नुसत्या ओल्या फडक्याने ते पसरतं फक्त. कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन-चार थेंब टाका, मऊ सुती फडकं अगदी घट्ट पिळा, चिकट जागेवर मिनिटभर दाबून ठेवा आणि मग लाकडाच्या रेषेच्या दिशेने पुसा. लगेच साध्या ओल्या फडक्याने, मग कोरड्याने. दाराच्या खालच्या कडेला थेंब राहू देऊ नका. पॉलिश सुटायला सुरुवात तिथूनच होते, सिंकखालच्या दारांना तर हमखास.

हिरवी घासणी, भांड्याची पावडर, थिनर, काच पुसायचं लिक्विड, यातलं काही नको. सोड्याचे कण बारीक असले तरी घासतातच. चमकदार पॉलिश असेल तर तेवढा पट्टा मंद पडतो आणि उजेडात तो डाग बनून दिसतो.

हळदीचे हात लागले तर तेव्हाच पुसा. साबण लागला की हळद लाल होते, घाबरू नका. राहिलेला पिवळेपणा उन्हाने बराच उडतो.

आणि एक. आपल्याकडे मे महिन्यात लाकूड आकसतं आणि पावसाळ्यात फुगतं. जुलैत दार घासायला लागलं तर सुताराकडून रंधा मारून घेऊ नका, उन्हाळ्यात तिथे फट पडेल. आधी बिजागरीचे स्क्रू कसून बघा. जड दारांचं बऱ्याचदा तेवढ्यावरच भागतं.